हरलेल्याच्या हातचा गुलाल

एका गावात एक तालीम होती, आणि त्या तालमीत कुस्तीपेक्षा फुटबॉलच जास्त चालायचा. गावच्या जुन्या वेशीला लागून होती म्हणून तिला वेस तालीम म्हणत. आत लाल मातीचा हौदा होता, कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती होता, भिंतीशी मुद्गल टेकवून ठेवलेले होते. मुद्गलांच्या वर खुंट्यांना मात्र फुटबॉलचे बूट लटकत असायचे. मारुतीरायाला याचं काय वाटत होतं कुणास ठाऊक, पण त्यानं कधी तक्रार केली नाही.

या पैलवानांनी सुरुवातीला फुटबॉलची जी गत केली ती ऐकण्यासारखी आहे. बॉल पायाशी आला की ते आधी शड्डू ठोकायचे. समोरचा अंगावर आला की बॉल सोडून त्याचीच कंबर धरायचे. एकानं तर भर सामन्यात समोरच्या गड्याला चितपट केलं, आणि पंचाची शिट्टी ऐकून त्याला वाटलं, आपण जिंकलो. तो दोन्ही हात वर करून मैदानाला फेरी मारून आला. वेस तालीम उतरणार असली की लोक खास शेंगा भाजून घेऊन मैदानाच्या दगडी पायऱ्यांवर येऊन बसत. फुकटात एवढी करमणूक दुसरीकडं कुठं मिळणार?

पण पैलवानाला पडायची सवय असते. पडून उठायचीही असते. हरत हरत ते शिकले. पहाटे जोर काढायचे, संध्याकाळी बॉल मारायचे, रात्री हळद घातलेलं दूध पिऊन सुजलेल्या नडग्या चोळत बसायचे. असं करता करता एका हंगामात वेस तालीम चक्क अंतिम सामन्यात पोचली. समोर होती घाट तालीम, नदीच्या घाटावरची, गावातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तोऱ्यातली. आणि ज्यांना बघून गाव हसायचं त्या पैलवानांनी तिला हरवलं.

तेव्हा वेस तालमीचा कॅप्टन होता हिंदुराव. घाट तालमीचा कॅप्टन होता दादू अत्तार. घाटाच्या चौकात त्याचं अत्तर, उदबत्ती, बुक्का, गुलाल असलं विकायचं दुकान होतं. हिंदुरावाच्या अंगात वारं शिरलं. हलगी, घुमकं, कैताळ घेऊन मिरवणूक निघाली ती थेट दादूच्या दुकानापुढं जाऊन थांबली. इतकी वर्षं आम्हाला हसलात ना, मग आता बघा, अशा थाटात सगळे नाचायला लागले.

दादू दुकानातून उठला. पोत्यातून त्यानं मूठभर गुलाल घेतला आणि पायरी उतरून हिंदुरावासमोर आला. आता हा डोळ्यांत उधळणार, असं सगळ्यांना वाटलं. हलगीवाल्याचे हात थांबले. दादूनं एक बोट गुलालात बुडवलं, हिंदुरावाच्या कपाळाला लावलं आणि म्हणाला, "खेळलास. आता वाजव."

हिंदुराव पुढं म्हातारपणी सांगायचा, की त्या एका बोटानं त्याची सगळी मस्ती उतरवली. त्या दिवशी पुढं हलगी वाजली खरी, पण तो नाचला नाही. त्यानं तालमीत येऊन मारुतीसमोर नियम केला. वेस तालीम जिंकली, तर मिरवणूक पहिल्यांदा हरलेल्यांच्या पेठेत जाईल. पेठेच्या तोंडाशी हलगी बंद होईल. कॅप्टन बूट गळ्यात अडकवून एकटा पुढं जाईल. पहिला गुलाल हरलेल्या कॅप्टनच्या हातचा. तो 'आता वाजव' म्हणेपर्यंत आपल्यापैकी एकाच्याही कपाळाला गुलाल लागणार नाही.

लोकांना हे आधी खुळचटपणाचं वाटलं. पण हळूहळू त्याचा गुण दिसायला लागला. ज्यांना हरवलं तेच वेस तालमीशी सरावाला यायला लागले. घाट तालमीच्या गोलकीपरनं वेस तालमीच्या गोलकीपरला पाय कुठं रोवायचे ते शिकवलं. बाहेरगावचा संघ आला की सगळ्या पेठा मिळून वेस तालमीसाठी घसा फोडायच्या. असा सगळ्या गावाचा हात पाठीवर असल्यावर कोण हरतंय? कपावर कप आले. प्रत्येक कपाचं साल हिंदुराव स्वतः तालमीच्या भिंतीवर पांढऱ्या रंगानं लिहायचा. नवा गडी आला की भिंत दाखवून त्याला सांगायचा, हा आपला इतिहास. हिंदुरावाचे केस पिकले, गाव त्याला वस्ताद म्हणायला लागलं, आणि भिंत बघता बघता भरत आली.

आता कॅप्टन होता सर्जेराव मगदूम. गाव त्याला सर्जा म्हणायचं. दिवसा तो फाउंड्रीत साचे भरायचा आणि संध्याकाळी मैदान भरून टाकायचा. उंचापुरा, अबोल, डोकं तापट. हेडर असा मारायचा की बॉलला लागलं की डोक्याला लागलं ते कळू नये. त्याचा एकच हळवा कोपरा होता, धाकटा भाऊ निवास. आईबाप लवकर गेले, सर्जानंच त्याला वाढवलं. निवास विंगेवरून पळायला लागला की पायऱ्यांवरची माणसं आपोआप उभी राहायची. राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती, आणि निवासचं नाव त्यात नक्की असं सगळे धरून चालले होते. सर्जा तर फाउंड्रीत भट्टीपुढंसुद्धा त्याच विचारात असायचा.

त्या हंगामात अंतिम सामन्यात पुन्हा घाट तालीमच समोर आली. बरीच वर्षं ती वेस तालमीकडून हरत होती. कॅप्टन आणि गोलकीपर होता दिलावर अत्तार, त्याच दादूचा नातू. आजोबाचं दुकान आता तोच चालवायचा. वेस तालमीच्या मिरवणुकीचा गुलालही त्याच्याच दुकानातून जायचा. ज्यांच्याकडून हरायचं त्यांनाच गुलाल मोजून द्यायचा, असा त्या घराचा धंदा होता, आणि दिलावर तोही हसत करायचा. सर्जाचं आणि त्याचं शाळेपासून गूळपीठ.

मैदान खच्चून भरलं होतं. पहिल्या हाफात गोल नाही. दुसऱ्या हाफातही कुणी कुणाला दाद देईना. वेळ संपत आली तसा पायऱ्यांवरचा आवाज बसत गेला. आणि मधल्या फळीतून एक लांब बॉल सुटला. निवास त्याच्यामागं वाऱ्यासारखा पळाला. दिलावर गोल सोडून पुढं झेपावला. दोघं एकाच वेळी बॉलवर पोचले.

हाड मोडल्याचा आवाज सर्जानं मैदानाच्या मध्यावरून ऐकला. निवास खांदा धरून मातीत लोळत होता. दिलावर त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसला होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. स्ट्रेचर आलं. निवासला उचलून नेताना त्याचा एक हात भलत्याच बाजूला लोंबत होता. सर्जाच्या डोळ्यांसमोर फक्त तो हात राहिला. राज्याचा संघ गेला, इतक्या वर्षांची उमेद गेली, आणि हे सगळं ज्यानं केलं तो समोर हातमोजे घालून उभा होता.

पंचानं पेनल्टी दिली. सर्जानं बॉल ठेवला. दिलावर त्याच्याजवळ आला.

"सर्जा, निवासला लई..."

"गोलात जा," सर्जा म्हणाला.

दिलावर गोलात गेला. शिट्टी झाली. सर्जानं बॉल इतक्या रागानं मारला की जाळीची वरची गाठ सुटली. तेवढ्या एका गोलावर वेस तालीम जिंकली.

कप घेऊन सगळे मैदानाबाहेर आले. हलगीवाले हलग्या शेकून तयार होते. गुलालाची पोती उघडून ठेवलेली होती, पण नियमाप्रमाणं अजून त्यांना कुणी हात लावला नव्हता. तालमीचे अध्यक्ष दौलतराव पुढं झाले. दौलतरावांना बोलताना मिशीवरून हात फिरवायची सवय होती, आणि त्या दिवशी तो हात खाली येईना.

"यंदा कसला पहिला गुलाल आणि कसलं काय," ते म्हणाले. "ज्यानं आपल्या पोराचं हाड मोडलं, त्याच्याम्होरं मान वाकवायची व्हय?"

सगळे सर्जाकडं बघायला लागले. तो पोत्याजवळ गेला, मूठ भरून गुलाल घेतला आणि स्वतःच्या हातानं स्वतःच्या कपाळाला फासला.

म्हातारे वस्ताद काठी टेकत त्याच्याजवळ आले. हळू आवाजात, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाले, "पुसून टाक लेका. अजून हलगी वाजली न्हाई."

सर्जानं मान फिरवली आणि हलगीवाल्याला खूण केली. वस्ताद मिरवणुकीत आले नाहीत. काठी टेकत एकटेच तालमीकडं निघून गेले.

हलगी कडाडली. गुलालानं माणसं ओळखू येईनाशी झाली. मिरवणूक घाटाकडं वळली तसा आवाज आणखी चढला. घाटाच्या लोकांना तो लांबूनच ऐकू आला असणार, आणि पेठेच्या तोंडाशी येऊनही तो थांबला नाही तेव्हा खिडक्या धडाधड बंद व्हायला लागल्या. गच्च्यांवर माणसं दिसायला लागली.

चौकात पिंपळाच्या पाराजवळ दिलावर एकटा उभा होता. अंगात मळलेली जर्सी तशीच होती. हातात पितळी ताट होतं, ताटात गुलाल होता. मागून त्याचीच माणसं ओरडत होती, "आत ये दिलावर, आत ये!" तो हलला नाही.

सर्जानं त्याला पाहिलं. त्याचा पाय क्षणभर अडला. हलगीवाल्यानं त्याच्या हाताकडं पाहिलं, कारण कॅप्टनचा हात वर गेला की हलगी थांबायची, हे त्याला पाठ होतं. सर्जाच्या मनात आलं की हात वर करावा. मग स्ट्रेचरवरून लोंबणारा निवासचा हात त्याला आठवला. त्याचा हात खालीच राहिला.

मागच्या लोंढ्यानं रेटा दिला. कुणीतरी मूठभर गुलाल दिलावरच्या तोंडावर उधळला. कुणाच्या तरी खांद्याचा धक्का लागून ताट हातातून निसटलं आणि फरशीवर खणखणत गेलं. मग पहिला दगड आला. तो कुठून आला ते आजही कुणाला सांगता येत नाही, कारण त्याच्या पाठोपाठ दोन्हीकडून इतके दगड आले की पहिल्याचा हिशेबच राहिला नाही. बायका किंचाळल्या. पोलीस आले, लाठ्या चालल्या. माणसं रक्ताळली, दुकानं फुटली. जीव कुणाचा गेला नाही, एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी दौलतराव पांढरा रंग आणि ब्रश घेऊन तालमीत आले. वस्ताद भिंतीला पाठ लावून बसले होते.

"वस्ताद, साल लिव्हायचं राहिलंय."

"कप बघू," वस्ताद म्हणाले. दौलतरावांनी कप पुढं केला. वस्तादांनी तो उलटसुलट करून पाहिला. "ह्येला गुलाल कुणाच्या हातचा लागलाय?"

दौलतरावांचा हात मिशीकडं गेला आणि वाटेतच थांबला. वस्ताद उठले नाहीत. त्या सालाची जागा भिंतीवर तशीच मोकळी राहिली. कप कपाटात गेला, आणि सर्जाला वाटलं, चार दिवसांत लोक विसरतील.

लोक विसरले नाहीत. सरावाला दुसरी तालीम बोलावली तर कुणाचं लग्न निघायचं, कुणाचा पाय मुरगळायचा. वेस तालमीचं पोर दुकानात गेलं की गप्पा बंद व्हायच्या. कुणी शिवी दिली असती तर सर्जानं दोन हात केले असते. पण इथं कुणी काही बोलतच नव्हतं, आणि न बोलणाऱ्याशी भांडायचं कसं ते त्याला ठाऊक नव्हतं.

निवासच्या खांद्याला पट्ट्या होत्या. राज्याची निवड त्याच्याविना होऊन गेली. एका रविवारी सर्जा त्याला चहा देताना दिलावरचं नाव घेऊन दात खायला लागला. निवासनं कप खाली ठेवला.

"दादा, एक इचारू? बॉल सुटल्यावर गोलकीपरनं काय कराय पायजे?"

"म्हंजे?"

"माझ्या पायातनं बॉल लांब गेलता. त्यो पुढं आला न्हाई तर गोलकीपर कसला? मला थांबता आलं असतं. मी थांबलो न्हाई." निवास जरा घुटमळला. "आणि त्यो रोज येतोय मला बघायला. तू फाउंड्रीत गेलास की."

सर्जाच्या हातातली किटली तशीच राहिली. डोक्यात चढलेला इतक्या दिवसांचा राग एकाएकी उतरला, आणि खाली जे उघडं पडलं ती लाज होती. नुसती लाज. त्या दिवशी संध्याकाळी तो घाटाच्या चौकात गेला. अत्ताराच्या दुकानाची पायरी समोर होती. दिलावर आत गिऱ्हाइकाला उदबत्त्या बांधून देत होता. सर्जा समोरच्या बाजूला उभा राहिला. नंतरही तो पुन्हा पुन्हा तिथं गेला. ती एक पायरी चढणं काही त्याला जमलं नाही.

पुढच्या हंगामाला परवानगी मिळाली ती मोठ्या मिनतवारीनं, आणि पोलिसांच्या पहाऱ्यात. पुन्हा दगड पडला तर या गावात फुटबॉल कायमचा बंद, असं वरून सांगून ठेवलं होतं. आणि नशीब कसं बघा, अंतिम सामन्यात पुन्हा वेस तालीम आणि घाट तालीमच समोरासमोर आल्या.

सामना सुरू झाला आणि सर्जाला पहिल्यांदा कळलं की मैदान किती मोठं असतं. बॉल घाट तालमीच्या पायात गेला की पायऱ्या गरजायच्या. वेस तालमीच्या पायात आला की सगळं चिडीचूप. स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू यायचा. निवास खेळत होता, पण खांदा सांभाळून. घाट तालमीनं एक गोल केला. वेस तालमीनं जंग जंग पछाडलं. शेवटी एक कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला, सर्जा सगळ्यांच्या वर उडाला आणि त्यानं डोकं घातलं. बॉल खांबाला लागून बाहेर गेला. लांब शिट्टी झाली. घाट तालीम जिंकली.

वेस तालमीची माणसं पडल्या चेहऱ्यानं पेठेत परतली. आणि लगेच दुसरीच धावपळ सुरू झाली. दौलतराव सगळ्यांना सांगत सुटले होते.

"दारं लावून घ्या! बायकापोरांना आत घ्या! ती आता मिरवणूक घिऊन आपल्याच दारात येणार. गेल्या वर्षीचं उट्टं काढणार."

गच्च्यांवर दगडांचे ढीग लागले. तरणी पोरं बाह्या सरसावून वर चढली. सर्जा हे बघत उभा होता. दौलतरावांचं चुकत नव्हतं, असंच त्याला वाटलं. आपण त्यांच्या दारात जे केलं तेच ते आपल्या दारात करणार, आणि त्यात त्यांना बोल लावायला आपल्याला तोंड नाही. पण आज एक दगड पडला की हा खेळ गेला. वस्तादांची भिंत, पैलवानांचे बूट, निवासचं पळणं, सगळं गेलं.

तो तालमीत गेला. कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या उरलेल्या गुलालाचं पोतं तसंच पडलं होतं. याच पोत्यातला गुलाल त्यानं स्वतःच्या कपाळाला फासला होता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. वस्तादांनी काही न विचारता मारुतीपुढचं ताट रिकामं करून त्याच्या हातात दिलं.

"वस्ताद, ताट उडवलं तर?"

"उडवलं तर उडवलं," वस्ताद म्हणाले. "तू धरून हुबा ऱ्हा."

सर्जा वेशीच्या कमानीखाली जाऊन एकटा उभा राहिला. पुढं रस्ता सरळ जात होता आणि कोपऱ्यावर वळत होता. त्या कोपऱ्यापलीकडून हलगी ऐकू येत होती. अजून लांब होती. गच्चीवरून दौलतराव ओरडले, "सर्जा, येडा झालास काय? आत ये!" गेल्या वर्षी दिलावरला त्याची माणसं हेच सांगत होती, हे सर्जाला आठवलं. तेव्हा तो कसा उभा राहिला असेल? सर्जाच्या ताटातला गुलाल तर कडेनं सांडत होता.

हलगी जवळ आली. घुमक्याचे ठोके छातीत बसायला लागले. आता कोपऱ्यावर आली. आता वळणार.

आणि हलगी थांबली.

गच्च्यांवर एकदम कुजबुज उठली. "का थांबली रं?" "दगड उचलत असतील." "तयार ऱ्हावा सगळी!" वर उचललेले हात आकाशाच्या उजेडात काळे दिसत होते. वेस तालमीच्याच पेठेला वेस तालमीचाच नियम आठवला नाही. ती शांतता काय होती हे एकाही माणसाला ओळखता आलं नाही.

सर्जाला ओळखता आलं. पण त्याचा विश्वास बसेना.

कोपऱ्यावरून एक माणूस वळला. एकटाच होता. गळ्यात बूट अडकवलेले होते. दिलावर सरळ रस्त्याच्या मधून चालत आला. वर गच्च्यांकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही. त्याच्यामागं कोपऱ्यावर घाट तालमीची सगळी माणसं येऊन थांबली. अख्खं गाव पार करून आले होते, इतक्या वर्षांनी जिंकून आले होते, आणि त्यांच्यातल्या एकाच्याही कपाळाला गुलाल नव्हता.

गच्चीवरचे हात एकेक करून खाली आले. कुणीतरी हातातला दगड अलगद, आवाज न करता ठेवून दिला.

दिलावर समोर येऊन उभा राहिला.

"दिलावर, गेल्या वर्षी मी... तुझ्या ताटाला..."

"आधी लाव," दिलावर म्हणाला. "माणसं कवाधरनं खोळंबल्यात."

त्यानं डोकं वाकवलं. सर्जानं बोट गुलालात बुडवलं. टिळा काही धड लागला नाही, भुवईपर्यंत फिसकटला. सर्जाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यानं पुसलं नाही. दादूनं हिंदुरावाला म्हटलेले शब्द त्याला लहानपणापासून पाठ होते. ते स्वतःच्या तोंडून म्हणायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

"खेळलास," तो म्हणाला. "आता वाजव."

मग हलगी जी कडाडली ती विचारू नका. घाटाची माणसं वेशीतून आत आली. वेशीची माणसं गच्च्यांवरून खाली उतरली. निवास दुखऱ्या खांद्यानंच नाचला. दिलावरनं त्याला एक शिवी हासडली आणि मग दुसऱ्या बाजूनं धरून त्याच्याबरोबर स्वतःही नाचला. पोलिसांचा साहेब काठी काखेत मारून कुणी दिलेला चहा पीत बसला.

सकाळी सर्जा तालमीत आला तेव्हा वस्ताद भिंतीवर साल रंगवत होते. दौलतराव बाजूला उभे होते, अगदी बुचकळ्यात पडलेले.

"वस्ताद, पर हे हरलेलं साल हाय."

"व्हय," वस्ताद म्हणाले, आणि शेवटचा आकडा नीट गिरवला.

वेस तालमीनं त्यानंतर पुष्कळ कप जिंकले. प्रत्येक वेळी मिरवणूक आधी हरलेल्यांच्या पेठेत गेली. भिंतीवर आता जागा उरलेली नाही, तरी एक मोकळी जागा कुणी भरू देत नाही, आणि तिच्याशेजारचं हरलेलं साल दर दसऱ्याला नव्यानं रंगवतात. नवा गडी आला की सर्जा त्याला या दोन जागांपुढं उभं करतो. आता त्याला वस्ताद म्हणतात. भिंतीवरचा बाकीचा इतिहास तो नंतर सांगतो.

तात्पर्य: सामना आपल्या ताकदीवर जिंकता येतो, पण त्या विजयाला शोभा येते ती हरलेल्याच्या हातून; त्याच्यापुढं ज्याला मान वाकवता येते, तोच खरा जिंकला.